घळीतल्या ट्राउटनी फक्त भडक फ्लाय घेतल्या: चार दिवसांचा वृत्तांत

काल रात्री परत आलोय, खांदे अजून दुखतायत, पण हे आत्ताच लिहून टाकते नाहीतर राग निवेल आणि मग मी सगळं गोड गोड लिहीन.

निघायच्या आधी त्या नदीवर बरीच वर्षं ट्राउट पकडायला जाणाऱ्या एकाने फ्लायची, म्हणजे हुकवर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्यांची, लिस्ट दिली होती. 18 आणि 20 नंबरच्या बारीक फ्लाय (नंबर मोठा तितका हुक लहान), रंग ऑलिव्ह, ब्राऊन, ग्रे, टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचं शेवटचं बारीक टोक, सिक्स-एक्स, बस. वर ठासून सांगितलं की पाणी काचेसारखं असतं, भडक काही नेऊ नका, मासे पळतात आणि ती काही खरी फ्लाय फिशिंग नव्हे. त्याने हे सांगितलंच नाही की तो पाऊस संपल्यावर, पाणी उतरल्यावर जातो. आम्ही गेलो ते वरचं बर्फ वितळायच्या दिवसांत. नदी दुधाळ हिरवी, हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसेनात, आणि माझ्या डबीत चाळीस मातकट फ्लाय. पहिला अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास एक साधा झटकाही नाही.

आता त्या घळीबद्दल. सांगितलं होतं की काठाने पायवाट आहे, तासाभरात पार होते. पायवाट पहिल्या वळणावर संपते! पुढे घरासारखे धोंडे, त्यांच्यावर ओलं शेवाळ, दोन्ही बाजूंना उभा कडा, म्हणजे कास्ट टाकताना दोरी मागे झोकायला जागाच नाही. आम्हाला साडेचार तास लागले. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे दुपारी पाणी चढतं, कारण सकाळच्या उन्हाने वर वितळलेलं बर्फ खाली पोचायला काही तास लागतात, आणि आम्ही नेमके दोनच्या सुमारास शेवटचा क्रॉसिंग करत होतो. सकाळी तिथे गुडघाभर असावं, कारण खडकावरची ओली रेघ बरीच खाली होती, आम्हाला कमरेच्या वर लागलं. मित्राचा पाय सुटला, काठीमुळे वाचला. तर उजाडताच आत शिरा आणि अकराच्या आत बाहेर या, याला पर्याय नाही. खिळेवाले बूट, वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या वॉटरप्रूफ पोशाखाचा) पट्टा घट्ट, पाण्यात टेकायची काठी, आणि क्रॉसिंगला बॅगेचे बकल उघडे ठेवा. एकट्याने जाऊ नका.

पण मासे तिथेच होते. घळीच्या मध्यावर मित्राने वैतागून स्वतःची जुनी डबी काढली, त्यात चमकता गुलाबी स्क्वर्मी वर्म (रबरी गांडूळ), हिरवा मॉप (जाड मऊ अळीसारखा), पिवळा-लाल मिकी फिन (छोट्या माशासारखा) असलं सगळं. मी नको म्हणत होते, खरंच. त्याने गुलाबी वर्म, जड टंगस्टन मणीवाला, एका धोंड्यामागच्या शांत पाण्यात सोडला आणि दुसऱ्याच ड्रिफ्टला, म्हणजे फ्लाय प्रवाहाबरोबर दुसऱ्यांदा वाहत जाताना, रॉड वाकला. पुढच्या दोन तासांत दोघांत मिळून सात ब्राऊन ट्राउट, सगळे त्याच डबीतल्या फ्लायवर, सगळे परत सोडले. मी इतकी ओरडले की आवाज बसला.

का चाललं असावं ते मला असं वाटतं. वेगवान गढूळ पाण्यात माशाला विचार करायला क्षणभर मिळतो आणि त्याला दिसतं अगदी जवळचं. 20 नंबरची ऑलिव्ह त्याच्या नाकावरून गेली तरी कळत नाही. साधा लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो, थोडं खोल गेलं की काळपट दिसतो, पण फ्लोरोसंट गुलाबी किंवा नारिंगी खाली पोचलेला निळा-हिरवा उजेड घेऊन स्वतःचा रंग बाहेर टाकतो, म्हणून तो उठून दिसत राहतो. मिकी फिनवर एकच मासा आला, तोही डोहाच्या उथळ खालच्या टोकाला.

आणि भडक म्हणजे आजकालचं फॅड असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की रॉयल कोचमन 1878 ची आहे, न्यूयॉर्कच्या जॉन हेलीने बांधलेली, मोरपिसाच्या अंगावर मधोमध लाल रेशमाचा पट्टा आणि पांढरे पंख. असला किडा जगात कुठे उडत नाही, आणि ट्राउट तिला इतकी वर्षं घेतायत.

घळीत असं करा: लीडर (जाड दोरीपुढचा पारदर्शक धागा) आखूड, टिपेट फोर-एक्स, म्हणजे सिक्स-एक्सपेक्षा जाड, रॉडच्या टोकाखालीच फ्लाय चालवा, प्रत्येक धोंड्यामागे दोन-तीन ड्रिफ्ट आणि पुढे चला. हुकचा बार्ब (उलटा काटा) पकडीने दाबून टाका, स्क्वर्मी कधीकधी खोल गिळतात.

तिसरा दिवस कुरणातला, सोपा, छान गेला.

चौथ्या दिवशी मात्र मी पण चुकले. बाजूचा छोटा ओढा मिळाला, पाणी खरंच काचेसारखं, आणि मी डोक्यात घळ घेऊन तोच गुलाबी वर्म टाकला. पहिला मासा मागे आला, वळला, आणि अख्ख्या डोहातले मासे दगडाखाली गेले ते तासभर बाहेर नाही. तिथे ती मातकट लिस्ट बरोबर होती. मानेला नारिंगी धाग्याचा छोटा पट्टा असलेली फेझंट टेल (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची तपकिरी फ्लाय), 16 नंबर, त्यावर मग दोन मिळाले. तेवढीच झाक पुरते. संथ स्वच्छ पाण्यात एकाने नाकारली की लगेच बदला, हट्ट करू नका.

बाकीच्या फ्लायबद्दल थोडक्यात. हिरवा मॉप चालतो, पण भिजला की जड होतो, कास्ट करायला वैताग आहे. चेर्नोबिल अँट, ती फोमची तरंगणारी फ्लाय, घळीतल्या फेसात दिसतच नाही, कुरणात मस्त. ब्लॉब, तो भडक झुबका, तलावासाठी ठेवा, नदीवर ओझं. एग फ्लाय (माशाच्या अंड्यासारखी) मासे अंडी घालतात त्या जागांवर अजिबात नको, तळाला माशांनी स्वच्छ केलेल्या खडीचे फिकट पट्टे दिसले तर त्यावर पायसुद्धा ठेवू नका. काही ठिकाणी एग आणि स्क्वर्मी नियमातच बसत नाहीत, आधी विचारून घ्या. आणि पाणी 20 अंशांवर गेलं तर कुठलीच फ्लाय टाकू नका, सोडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही.

एक राहिलं. स्क्वर्मी घरी बांधणार असाल तर दोरा हलक्या हाताने, नाहीतर रबर कापलं जातं, आणि त्यावर सॉल्व्हंटवालं वार्निश लावू नका, वितळतं. काल बॅग उघडली तर मित्राच्या डबीत शिल्लक राहिलेले तिन्ही वर्म शेजारच्या फ्लायच्या रबरी पायांना चिकटून एक गोळा झाले होते. वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि निघताना निदान डझनभर घ्या, घळीतल्या धोंड्यांत आमचे पाच गेले.