रिटेनिंग वॉलच्या सॉफ्टवेअरमधले डिफॉल्ट

रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवणारी भिंत, डिझाइन करायचं नवीन सॉफ्टवेअर टाकलं की मी आधी डिफॉल्ट सेटिंग उघडतो, कारण तिथे बऱ्याचदा मातीचा फाय (घर्षणकोन) ३० अंश, वजन १८ किलोन्यूटन घनमीटरला असं भरलेलंच असतं आणि पाणी शून्य, आणि खरं डेंजर ते शून्यच आहे. ४ मीटर भिंतीमागे कोरडी माती असेल तर तळाशी दाब साधारण २४ किलोन्यूटन चौरस मीटरला, पण कोकणातल्या पावसात वीप होल (पाणी बाहेर जायला भिंतीत ठेवलेली भोकं) तुंबली अन पाणी वरपर्यंत चढलं की तोच ५० च्या आसपास, म्हणजे डबल! काळ्या चिकण मातीला, जिचा फाय बराच कमी असतो, ३० अंश धरणाऱ्यांना तर नमस्कारच. मागे रस्ता असेल तर सरचार्ज, म्हणजे मातीवर वरून येणारा जादा भार, टाका. आणि आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) स्लाइडिंगला, म्हणजे भिंत पुढे सरकण्याविरुद्ध, सुरक्षा गुणक १.४ मागतं पण स्थिर ठेवणारं वजन ०.९ पटच धरून, त्यामुळे नुसतं १.५ दिसलं म्हणून खूश होऊ नका, १.४ भागिले ०.९ म्हणजे १.५६ होतात.