ट्रॅव्हलर अपडेट: सकाळच्या स्टार्टिंगचा चोर सापडला

मंडळी, सापडलं! माझी जुनी डिझेल व्हॅन, टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी चालू का होत नाही ते कळलं. डिझेल पंप नाही, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी) नाही, हीटर प्लगही (थंड इंजिन आतून तापवणारे) नाही. टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या लोखंडी पाइपला चेसिसच्या क्लिपखाली सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. पावसाळ्यापासून रडवणारी गाडी आता रात्रभर उभी राहूनही पहिल्या सेल्फला धरते. सविस्तर लिहितोय, कारण जुनी डिझेल व्हॅन घेणाऱ्याला हा त्रास कधी ना कधी गाठतोच, आणि त्यापायी चांगले पंप हकनाक उतरवले जातात.

मागच्या पोस्टमधली तक्रार थोडक्यात अशी. दिवसभर गाडी उत्तम. बंद करून लगेच चालू केली तरी तक्रार नाही. सकाळी मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, आणि हँड पंपाने डिझेल ओढलं की एकदम सुरू. गॅरेजमध्ये निकाल ठरलेला, "दादा, पंपच खाली घ्यायला लागतोय बघा." कॅलिब्रेशन, चार नोझल, हीटर प्लग आणि मजुरी धरून आकडा २२,००० च्या घरात. या गाडीच्या ओएम ६१६ इंजिनाचा इनलाइन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा) डिझेल स्वच्छ मिळालं तर लवकर हार मानत नाही. कारण कळल्याशिवाय तो उघडायला माझं मन तयार होईना.

अशा वेळी आधी सायलेन्सरकडे बघा. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पण पेटत नाही. मग हीटर प्लग, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) तपासायचं. माझ्याकडे धूरच नव्हता, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत येतच नव्हतं. तरी खात्रीसाठी हीटर प्लग मल्टीमीटरवर घेतले, चारही एक ओहमच्या आत. कॉम्प्रेशनही घेतलं. हे इंजिन नवं असताना २२ ते २४ बार दाखवतं, आणि १५ च्या आसपास आलं की उघडायची वेळ झाली समजायचं. माझे चारही सिलिंडर २० च्या आगेमागे, एकमेकांत फरक दोन बारच्या आत. २००३ पासून माल वाहिलेलं इंजिन! त्या संध्याकाळी घरी पेढे नेले.

खरी खूण टाकीने दिली. टाकी फुल केली की काही दिवस त्रास नाही, पातळी उतरली की पुन्हा तेच. (यावर बरेच जण पेट्रोल पंपवाल्याच्या डिझेलला नावं ठेवतात.) आणि उतारावर तोंड खाली करून लावली, तर टाकी अर्धी असली तरी सकाळी ठीक. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) ही लाइन ओढीवर चालते. तिथे भोक असेल तर चालू गाडीत डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि ते बुडबुडे फिल्टरवरून ओव्हरफ्लोने (जादा डिझेल परत नेणाऱ्या लाइनने) टाकीत परत जातात. म्हणून इंजिनाला पत्ता लागत नाही. गाडी बंद झाली की त्याच भोकातून हवा शिरते, लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं, आणि सकाळी फीड पंप कोरडा. खाली थेंब पडत नाही म्हणून तिकडे कुणी बघत नाही.

फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक पाइपचा तुकडा लावला. बुडबुडे स्वच्छ दिसले. मग टाकीची लाइन सोडून डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच टांगला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी गाडी टिचकीसरशी चालू. कॅन वर असल्यामुळे पुढच्या जोडांत कुठे फट असती तर डिझेल खाली ठिबकलं असतं, पण अंथरलेला 'पुढारी' कोरडा ठणठणीत. म्हणजे दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधेच.

लाइन दोन्हीकडून सोडली, एक तोंड बंद केलं, दुसरीकडून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी. जोड सगळे गप्प. मागच्या चाकाच्या पुढच्या क्लिपशी मात्र बारीक फेस! क्लिप काढली तर आतलं रबर कधीच झडून गेलेलं, लोखंडावर लोखंड घासतंय, आणि अडकलेला चिखल डिझेलने काळा पडलेला.

आता पाइप कुठला टाकायचा? तांब्याचा टाका, असं सगळे सांगतात. माझा विरोध आहे. हादऱ्यांनी तांबं कडक होऊन तडकतं, आणि तांब्याच्या संगतीत डिझेलही लवकर खराब होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून स्टीलचा पाइप घेतला, जुना समोर ठेवून तसाच वाकवून घेतला, प्रत्येक क्लिपखाली जाड रबर. रबरी होजला पट्टीची स्क्रूवाली क्लिप लावू नका, घट्ट करताना ती बारीक होज कापते. बोल्टवाली गोल क्लिपच घ्या. बँजोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे) वायसर नवे टाकले. नवे मिळाले नाहीत तर जुने तांब्याचे वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाका. पोलादाच्या उलट, तांबं याने मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. सगळं मिळून खर्च १,५०० च्या आत.

या धांदलीत टॅपेटही (व्हॉल्व्हची फट लावणं) उरकले. या इंजिनाला १४ मिमीच्या पातळ वाकड्या पान्यांची जोडी लागते, सरळ पाना आत जातच नाही. उद्यमनगरात एका भट्टीवर जुने पाने तापवून हवे तसे वाकवून मिळाले, आणि हातात असे बसतात की काय सांगू. थंड इंजिनावर फट इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३० मिमी. वरची टकटक गेली. नोझल टेस्ट करून घेतले, एक १०० बारलाच उघडत होतं. शिम (पातळ चकत्या) टाकून चारही १२० वर आणले. नवे घ्यावे लागले तर नाशिकच्या बॉशचेच घ्या, पक्क्या बिलावर. हुबेहूब डब्यातला डुप्लिकेट माल भरपूर फिरतोय.

पुढचा बेत मालाच्या कप्प्यातला गंजलेला पत्रा कापायचा होता. तो लांबणीवर. पुरवठ्याची लाइन एवढी झिजली, तर तिच्याच शेजारून जाणारी ओव्हरफ्लोची लाइन त्याच वयाची आहे, तीही आता बदलणार. मधे ट्रॅक्टरचा काचेच्या वाटीचा फिल्टरही बसवावा, म्हणजे पाणी आणि बुडबुडे दोन्ही डोळ्यांना दिसतील, असं मनात होतं. पण हे लिहिताना वाटतंय, ओढीच्या बाजूला प्रत्येक नवा जोड म्हणजे हवेला नवी वाट. वाटी नको. त्याऐवजी फीड पंपाजवळचा पारदर्शक तुकडा डिझेलला टिकणाऱ्या पाइपचा करून कायम ठेवतो. लाइनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल उलटं जाऊ न देणारा) टाकायचा सल्लाही मिळाला. त्याने सकाळ सुधारेल, भोक तसंच राहील. मला ते पटत नाही.

वापरलेली व्हॅन बघायला जाणाऱ्यांनो, एवढं कराच. मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी सकाळपासून चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. टाकी अर्ध्याच्या खाली हवी आणि गाडी सपाटीवर उभी हवी.

रविवारी वाघबीळ चढून पन्हाळ्याला जाणार आहे, मागे वजन टाकून. तापमानाचा काटा चढावर कुठे जातो ते बघायचंय, कारण रेडिएटरची एक बाजू मला थंड लागते. कुणी या इंजिनाचा रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळी घालून साफ करून) घेतला असेल तर कोर (आतली नळ्यांची जाळी) टिकला का ते सांगा. नवा घ्यायचा की हाच साफ करायचा, ते त्यावर ठरवतो.