प्निक्सच्या टेकडीवर

सँटोरिनीचे चार दिवस छान गेले, फोटो टाकलेत, बास. मला लिहायचंय ते अथेन्समधल्या प्निक्सबद्दल. अ‍ॅक्रोपोलिसवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि समोरच्याच ह्या टेकडीवर तिकीट नाही काही नाही, तरी आम्ही दोघं आणि एक कुत्रा. खूप वाईट वाटलं. प्राचीन अथेन्सच्या नागरिकांची सभा भरायची ती इथे, हजारो लोक उघड्यावर, आणि दवंडीवाला विचारायचा, कोणाला बोलायचंय? कातळात कोरलेला तो बोलायचा चौथरा अजून आहे, पायऱ्यांसकट.

प्लेटोच्या 'गॉर्गियास' ह्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की वक्तृत्व म्हणजे चमचमीत स्वयंपाकासारखी नुसती खुशामत, लहान मुलं न्यायाधीश असलेल्या कोर्टात डॉक्टर विरुद्ध आचारी अशी केस लावली तर डॉक्टर हरणार. कॉलेजपासून मला हे पटत आलंय, आपल्याकडच्या प्रचारसभा ऐकून तर जास्तच. पण तिथे उभं राहिल्यावर लेस्बॉस बेटावरचं मितिलीनी शहर आठवलं. इ.स.पू. ४२७, अथेन्सविरुद्ध बंड केलं म्हणून तिथले सगळे पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करा असा ठराव झाला, हुकूम घेऊन जहाज सुटलंसुद्धा. रात्रीत लोकांचं मन खायला लागलं, दुसऱ्या दिवशी परत सभा. ठराव बदलू नका म्हणणारा पुढारी क्लिऑन गरजला, भाषणांना भुलू नका, आणि हे सांगायलाही त्याला भाषणच करावं लागलं. मग डायोडोटस नावाचा एक नागरिक विरोधात उठला, त्याने दयेची भीक मागितली नाही, मारण्यात आपलाच तोटा आहे एवढंच पटवलं. हात वर करून मतं, जेमतेम फरकाने ठराव फिरला. पहिला हुकूम थांबवायला धाडलेल्या दुसऱ्या जहाजावरचे लोक वल्ही मारता मारताच वाइन-तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात, आळीपाळीने झोपत गेले, आणि तिथला अथेन्सचा सेनापती पहिला हुकूम वाचून अंमल करणार तेवढ्यात पोचले. बंडाच्या म्होरक्यांना मात्र मारलंच, हे सगळं सांगणारा इतिहासकार थ्युसिडिडीस तेही लिहितो.

एका भाषणाने गाव वाचलं, ह्याला खुशामत कसं म्हणू? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो खरं आणि न्याय्य ते मुळातच बलवान, हरलं तर दोष मांडणाऱ्याचा. मला आता तोच जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, म्युझियममध्ये कोर्टात भाषणाची वेळ मोजायचं पाण्याचं घड्याळ बघितलं. साधं मातीचं भांडं, बुडाशी बारीक नळी, साधारण साडेसहा लिटर पाणी सहा मिनिटांत रिकामं. आपलं घटिकापात्र भरून बुडतं, हे गळून संपतं. सॉक्रेटिसनेही खटल्यात वेळ कमी पडतो अशी तक्रार केली होती, पण दया यावी म्हणून मुलांना कोर्टात उभं केलं नाही. डायोडोटससारखं कोणी त्याच्या बाजूने उठलं असतं तर, असं मी नवऱ्याला विचारत होते तेवढ्यात गार्ड आला, बंद करायची वेळ झाली होती.