एसजीपीए काढताना क्रेडिट कुठे गेले?

रिझल्ट लागला की सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत सगळे एसजीपीए (सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) काढायला मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसतात आणि निम्मे जण सरळ ग्रेड पॉइंटची बेरीज करून विषयांच्या संख्येने भागतात, अरे असं नसतं ना! प्रत्येक विषयाचे पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट (म्हणजे त्या विषयाचं वजन), मग सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. यूजीसीच्या १० पॉइंट स्केलवर ओ ग्रेड म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८. समजा ४ क्रेडिटच्या मॅथ्सला ए मिळाला आणि १ क्रेडिटच्या लॅबला ओ, तर ३२ अधिक १० म्हणजे ४२, भागिले ५, आले ८.४. सरळ सरासरीचे ९ नाही! त्यामुळे लॅबचं जर्नल सजवत रात्री जागवणाऱ्यांनी (आहेत असे) आधी मॅथ्सकडे बघावं. एसजीपीएचे टक्के करायचा फॉर्म्युला मात्र ज्याच्या त्याच्या विद्यापीठाचा वेगळा, मित्राचा ढापू नका.