फातोर्ड्याची ती सहा मिनिटं

१३ मार्च २०२१ ला मुंबई सिटीनं आयएसएलचा, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा, आपला पहिला चषक उचलला तो मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, आणि स्टँड रिकामे होते. करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना झाला होता. बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल मी घरी टीव्हीसमोर पाहिला. तेव्हाच मनाशी ठरवलं, या मैदानावर जाऊन एकदा आपल्या पोरांसाठी घसा फोडायचा.

योग आला २४ एप्रिल २०२४ ला, एफसी गोवाविरुद्ध उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्याला. आदले नऊ दिवस वाईट गेले होते. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर नुसती बरोबरी झाली असती तरी लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, आपली होती. मोहन बागानकडून १-२ असे हरलो आणि शील्ड गेली.

मंगळवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या पकडली. सामन्यासाठी मला हीच गाडी सोयीची वाटते. सकाळीच मडगावला उतरता येतं आणि गाडी रखडली तरी हाताशी वेळ राहतो. सकाळच्या मांडवी एक्सप्रेसनं त्याच दिवशी निघालात तर सामना गाठणं कठीण. रिझर्व्हेशन तारखा जाहीर झाल्या की लगेच करा. हंगामाच्या सुरुवातीचा सामना असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आधी तपासा, गाड्या तेव्हा सावकाश धावतात.

मडगाव स्टेशन आणि फातोर्डा शहराच्या दोन टोकांना. स्टेशनबाहेर रिक्षा मिळते; एकटे असाल तर पायलट करा. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवायचं. मुक्कामाला कदंब बसस्टँडच्या बाजूची खोली बघा, तिथून स्टेडियम चालत जाण्याएवढं जवळ आहे. मी आत्याकडे उतरलो. आतेभाऊ कट्टर एफसी गोवावाला, केशरी जर्सी घालूनच स्टेशनवर न्यायला आला होता.

सामना साडेसातला होता. साडेपाचला बाहेरच्या गाड्यावर रस ऑम्लेट आणि पाव खाल्ला; पोटभर खाऊनच आत शिरा. उकाडा इतका की उभ्या-उभ्या जर्सी ओली होते. माझी पॉवर बँक गेटवर अडली, ती आतेभावाच्या स्कूटरच्या डिकीत गेली. तुम्ही खोलीवरच ठेवून या. तिकीट काढताना स्टँडचं नाव नीट वाचा, पाहुण्या समर्थकांची जागा वेगळी असते. आम्ही दोघं भाऊ गेटपाशीच वेगळे झालो.

सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंग, छप्पन्नाव्याला ब्रँडन फर्नांडिस. गोवा २-०. ‘फोर्सा गोवा’चा गजर छपराला आपटून अंगावर येत होता. आमचा निळा कोपरा गात होता, पण आवाज बसत चालला होता. पंच्याऐंशीच्या सुमारास आतेभावाचा मेसेज आला: ‘दादा, गर्दीच्या आधी निघूया. आईनं बांगड्याचं हुमण केलंय.’ माझ्या पुढच्या रांगेतल्या ढोलवाल्या पोरानं पट्टा खांद्यावरून काढला आणि काठ्या पिशवीत टाकल्या.

नव्वदाव्या मिनिटाला आमच्या छांगतेनं एक गोल परत केला. पोरगा उठला, काठ्या सापडेनात, तसाच तळहातांनी ढोल बडवायला लागला. एक मिनिट होतंय तोच विक्रम प्रताप सिंग. २-२! अख्ख्या स्टेडियममध्ये आमचाच तेवढा आवाज उरला. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. गोवा २, मुंबई ३. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून मी रडलो. त्या पोराचे तळवे लालभडक झाले होते.

गेटवर आतेभाऊ खाली मान घालून उभा होता. म्हणाला, “दादा, पंधरा सालीही असंच झालेलं.” २०१५ ची अंतिम लढत याच मैदानावर झाली. गोवा २-१ नं पुढे असताना शेवटच्या मिनिटांत आधी गोव्याचाच स्वयंगोल आणि मग चेन्नईयनचा गोल झाला, चषक चेन्नईयननं नेला, तेव्हाही तो स्टँडमध्ये होता. मी जर्सीवर साधा शर्ट चढवला. त्याच्यासमोर निळं मिरवायला मन घेईना. गोव्याचा प्रेक्षक आपल्याला नीट वागवतो, पण सामना संपल्यावर डिवचू नका. त्यांचं दुःख जुनं आहे.

रात्री साडेनऊनंतर बस जवळपास मिळतच नाहीत, म्हणून परतीची सोय आधीच करून ठेवा. मुंबईसारखी ॲपवर टॅक्सी येईल या भरवशावर राहू नका. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर कोलवा किनारा जवळच आहे. मी मात्र आत्याकडेच थांबलो आणि संध्याकाळच्या कोकणकन्येनं परतलो.

२९ एप्रिलला अंधेरीत, घरच्या मैदानावर, उपांत्य फेरीचा दुसरा सामना २-० नं जिंकलो आणि ४ मेला सॉल्ट लेकवर त्याच मोहन बागानला ३-१ नं हरवून चषक आणला. कप्पा शील्डचा रिकामा राहिला, पण हंगाम फातोर्ड्यातल्या त्या सहा मिनिटांनी फिरवला, असं मी आजही मानतो. फायनल संपल्यावर पहिला फोन मडगावहून आला. “आता आईला मुंबईला घेऊन येतो,” आतेभाऊ म्हणाला, “हुमण तिकडे करेल. पण अंधेरीत मी केशरीच घालणार.”