मधल्या कॉलमात पहिली चकती

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऑफिसात विचारलंत, भिशीत विचारलंत, परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीतही विचारलंत. प्रश्न एकच असतो. "त्या चार चकत्या जुळवायच्या खेळात पहिला खेळणारा जिंकतो, हे म्हणे सिद्धच झालंय. मग तुम्ही जिंकता त्यात विशेष काय?" आणि त्याच्या मागोमाग, जरा आवाज उतरवून, "मुलीलाही तसंच हरवलंत ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दहा वेळा दिलंय. दुसऱ्याचं एकदाही दिलेलं नाही.

खेळ तुम्हाला माहीत आहे. निन्टेंडो स्विच या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरच्या ५१ खेळांच्या संचातला तो एक. ७ कॉलम, ६ ओळी, ४२ घरं. वरून सोडलेली चकती खाली जाऊन बसते, आणि आडव्या, उभ्या किंवा तिरक्या चार जुळल्या की डाव संपतो. १९८८च्या ऑक्टोबरात अमेरिकेत जेम्स ॲलन आणि नेदरलँड्समध्ये व्हिक्टर ॲलिस या दोन संगणकतज्ज्ञांनी काही दिवसांच्या अंतराने, एकमेकांवर न विसंबता, याचा निकाल लावला. पहिली चकती मधल्या कॉलमात टाकून पुढे एकही चूक न करणारा जिंकतोच, फार तर ४१व्या चकतीपर्यंत. ती मधल्याच्या शेजारी टाकली, तर दोघांनी अचूक खेळून बरोबरी होते. कडेच्या दोन-दोन कॉलमांत टाकली तर दुसरा जिंकतो. हे सगळं खरं आहे. मी नाही म्हणतच नाही.

पण "पुढे एकही चूक न करता" हे शब्द तुम्ही गाळता. या पटावर साडेचार लाख कोटींहून जास्त मांडण्या होऊ शकतात. त्या कोण पाठ करणार? मशीनशी खेळायच्या चार पातळ्यांतली शेवटची, 'इम्पॉसिबल' नावाची, त्याआधीची जिंकल्याशिवाय उघडत नाही. ती उघडल्यावर पहिली चाल हातात असूनही मी सोळा रात्री हरले. सतराव्या रात्री जिंकले. दिवसभर पतसंस्थेत खतावण्या जुळवून आल्यावर, रात्री अकराला, गादीवर पाय लांब करून. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं कोणी म्हटलं की मला राग येतो, आजही येतो.

पाठांतर नसतं ते, मोजणं असतं. एक गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा. समजा सहा कॉलम भरले, एकच रिकामा राहिला. सहा कॉलम म्हणजे ३६ चकत्या, सम संख्या, म्हणून पुढची पाळी पहिल्या खेळाडूची. त्या उरलेल्या कॉलमात पहिलं घर त्याचं, दुसरं समोरच्याचं, तिसरं पुन्हा त्याचं. म्हणून पहिल्या खेळाडूने खालून तिसऱ्या किंवा पाचव्या घरावर डोळा ठेवून आपल्या तीन चकत्या जुळवून ठेवायच्या आणि वाट बघायची. दुसऱ्याने दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या घरावर. सगळी लढाई शेवटी यावर येते की त्या कॉलमात आधी कोणाला पाय घालावा लागतो. हे मला समजलं तेव्हा हिशेबातला अडलेला रुपया सापडल्यासारखं झालं.

आणि युक्ती शिकणं ही लबाडी असेल तर माझे मामाही लबाड ठरतील. आजोळी ओट्यावर कोळशाने पट आखून आम्ही चिंचोके आणि खड्यांनी नवकंकरी खेळायचो. नऊ-नऊ सोंगट्या, २४ ठिकाणं, तीन जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. मामांना एक मांडणी यायची. एकच सोंगटी मागे-पुढे सरकवली की दर वेळी कुठे ना कुठे तीन जुळायच्याच, आणि समोरच्याचा पट उजाड व्हायचा. ती त्यांना त्यांच्या काकांनी शिकवली होती. तोच खेळ आज त्याच संचात इंग्रजी नावाने आहे. मामांना कोणी विचारलं नाही की यात तुमचं विशेष काय.

पण मामांनी ती मांडणी आम्हाला शिकवली होती. तिथेच माझं अडतं.

स्विच लेकीचा. पहिल्या पगारातून तिने घेतला, जुना, एका मैत्रिणीकडून. मला चकत्यांचा खेळ तिनेच शिकवला. स्क्रीन मागच्या टेकूवर टेबलावर उभी करायची आणि एकेक कंट्रोलर दोघींच्या हातात. सुरुवातीला मी सारखी हरायचे. म्हणून ती म्हणायची, "तू शिकतेयस आई, पहिली चाल तुझी." लहान मुलाला आपण झुकतं माप देतो तसं. पुढे मी मशीनशी रात्री खेळायला लागले, वाचायला लागले, एका जुन्या खतावणीच्या मागच्या पानांवर पट आखून चाली लिहायला लागले. ती वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. तिथे का, याचं उत्तर तेव्हा मी स्वतःलाही दिलं नव्हतं.

ती जर्मनीला जायच्या आदल्या रविवारी पाऊस होता. बॅगा अर्ध्या भरलेल्या. आम्ही अकरा डाव खेळलो आणि अकराही मी जिंकले. दर वेळी ती म्हणाली, "पहिली तू." मी एकदाही म्हटलं नाही, की नको, आता तू घे.

अकरावा डाव मला घरन् घर आठवतो. माझ्या पिवळ्या, तिच्या लाल. उजव्या टोकाचा कॉलम पूर्ण रिकामा, बाकी सगळं भरलेलं. तिसऱ्या ओळीत त्या कॉलमाला लागून माझ्या तीन पिवळ्या. ३७वी चकती मी टाकली. आता तिला जागा एकच होती, माझ्या चकतीच्या डोक्यावर. तिने बटण दाबलं नाही. अंगठा बटणावर तसाच, नखाची कड पांढरी पडलेली. मग विचारलं, "तुला हे कधीपासून दिसत होतं?"

मी खरं सांगितलं. "पंधराव्या चकतीपासून."

"आणि मला पहिली चाल देऊ देत होतीस?"

वही मीच आणून दाखवली. वाटलं, तिला कौतुक वाटेल. खरंच वाटलं होतं. तिने चार पानं उलटली, पिठाचे हात पुसावेत तसे हात कुर्त्याला पुसले आणि म्हणाली, "आई, तू माझ्याशी खेळत नव्हतीस. तू वहीशी खेळत होतीस." ३८वी चकती तिने टाकलीच नाही. स्क्रीन झोपेत गेली. सकाळी टॅक्सीत बसताना म्हणाली, "स्विच ठेव तू. मला तिकडे वेळ नाही मिळणार."

तेव्हाची मी म्हणते, पोरीला अभ्यास करून हरवणं हा तिचा मान राखणं आहे, मुद्दाम हरले असते तर तो अपमान झाला असता. ते आजही मला पटतं. पण तेव्हाच्या मला मी विचारते, मग वही डब्यामागे का होती? यावर ती गप्प बसते. पण थोड्या वेळाने तीच मला विचारते, वही टेबलावर असती तर तू खेळली असतीस का? आता गप्प बसायची पाळी माझी. लपवून शिकताना जे सुख होतं ते मला हवं होतं. पंचवीस वर्षं या घरात माझं म्हणून दुसरं काही लपवण्यासारखं नव्हतं.

या दिवाळीत ती आली. फराळाची ताटं आवरल्यावर तिनेच स्विच बाहेर काढला, धूळ पुसली, टेकू उघडला. मी म्हटलं, "पहिली तू घे." ती म्हणाली, "नाही, तू." मी चकती मधल्या कॉलमावर आणली. तिथे टाकावी तर पुन्हा तीच वही. कडेला टाकावी तर जाणूनबुजून हरणं, तेही तिला कळणार. मी ती एक घर डावीकडे सरकवली आणि सोडली.

ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "ही बरोबरीची ना?"

तिनेही वाचलं होतं तर. कधी, कोणासाठी, हे मी विचारलं नाही. तिने आपली लाल टाकली, आणि मी मोजायला लागले.