आमची वाटचाल: चात्या थांबवून दाखवणारं दुकान

इचलकरंजीत आमच्या दुकानावर अजून ‘मीटर रिपेअरिंग’ एवढीच पाटी आहे. आम्ही स्ट्रोबोस्कोप विकतो, भाड्याने देतो, दुरुस्त करतो हे सूतगिरणीवाल्यांना ठाऊक आहे. यंत्राच्या फेऱ्यांइतक्याच वेळा चमकून फिरतं यंत्र थांबल्यासारखं दाखवणारा हा दिवा, थोडक्यात स्ट्रोब. बाकीच्यांना तो डीजेचा दिवा वाटतो. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं येतातच, ‘काका, ते लुकलुकणारं द्या’ म्हणून.

सुरुवात वडिलांची. एका सहकारी सूतगिरणीतून झेनॉन नळीचा जुना स्ट्रोब दुरुस्तीला आला होता. काळा डायल, पिवळा पडलेला रिफ्लेक्टर. वडिलांनी नळी बदलली, मिनिटाला ठरलेल्या 1500 फेऱ्या घेणाऱ्या सिंक्रोनस मोटरवर डायल जुळवला आणि मला सोबत घेऊन गिरणीत पोचवला. तिथल्या स्पिनिंग मास्टरांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनी बॉबिनांच्या बुडाला खडूचे ठिपके करून घेतले होते. स्ट्रोब मिनिटाला 18,000 चमकांवर लावून ते रिंगफ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्राच्या, कडेने चालू लागले. चात्या, म्हणजे बॉबिना फिरवणारे दांडे, जागच्या जागी उभ्या! प्रत्येकीवरचा ठिपका दिसत होता.

‘दिव्याकडं बघू नको, चात्यांकडं बघ. ह्या चार बघ, उलट्या निघाल्यात.’

लागोपाठच्या चार चात्यांवरचे ठिपके सावकाश मागे सरकत होते. चात्या काही उलट्या फिरत नव्हत्या, मागे पडल्या होत्या. चौघींना फिरवणारा पट्टा, म्हणजे टेप, एकच, ती ढिली. चाती मागे पडली की इंचाला पीळ कमी बसतो, सूत कच्चं राहतं आणि शिव्या मिळतात मागावर. एकटीच मागे पडली तर दोष तिच्यात, चार पडल्या तर टेप बघा. हे मी त्या दिवशी शिकलो, आजही तेवढ्यावर निम्मं दुकान चालतं. (टेकवून वेग मोजायचा टॅकोमीटर इथे कामाचा नाही. चातीला टेकवला की तीच मंदावते.)

आता त्याच गिरणीच्या एका टेंडरचं सांगतो. समोरच्या पार्टीचं नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला करू? गिरणीला काही स्ट्रोब हवे होते. मी बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे कर्जावर, आठ नग आणून ठेवले, सगळे झेनॉनचे. ते लोक एलईडीचे घेऊन आले. चाचणी कुठे घेतली? ऑफिसात, टेबल फॅनवर! खिडकीतून लख्ख ऊन. त्यांच्या उजेडापुढे आमचा दिवा फिका पडला. समितीतल्या एकाने विचारलं, ‘ह्यात नळी जाते म्हणतात?’ जाते. मी खरं ते सांगितलं. ऑर्डर तिकडे गेली.

मी ओरडून सांगत होतो की चमक किती वेळ टिकते ते विचारा. त्यांची चमक 300 मायक्रोसेकंदांची, आमची 20 ची. पंखा मिनिटाला 1300 फेऱ्या घेत असेल तर 300 मायक्रोसेकंदांत पातं सव्वादोन-अडीच अंश सरकतं, चित्र स्वच्छच दिसणार. पण 18,000 वर चाती तेवढ्या वेळात 32 अंश फिरते. ठिपक्याची रेघ होते. आमच्या दिव्याखाली ती जेमतेम दोन अंश सरकते. गणित सातवीचं आहे, पण समितीला उजेड आवडला.

आठ नग कपाटात पडले. बँकेची पत्रं आली. दोन पोरं कामाला होती, त्यातल्या एकाला दुसरीकडे बघ म्हणावं लागलं. त्याच्याकडे बघून बोलायचं धाडस झालं नाही. वरून बाजारात बोललं जाऊ लागलं की आमचा माल जुनाट आहे.

पाचेक महिन्यांनी रात्री मास्तरांचा फोन. ‘मशीन घेऊन या, आत्ता.’ मागवाल्यांकडून कच्च्या सुताची तक्रार आली होती आणि नव्या दिव्याखाली सगळ्याच चात्या सारख्याच पुसट दिसत होत्या. पहाटेपर्यंत आम्ही ढिल्या टेपा शोधल्या. नवीन खरेदी मास्तरांच्या हातात नव्हती, पण खात्याच्या किरकोळ खर्चातून ते भाडं देऊ शकत होते. दोन वर्षं न चुकता दिलं. ऐकून दुसऱ्या गिरण्याही भाड्याने मागू लागल्या आणि कपाट रिकामं झालं. ती पार्टी आता सीसीटीव्ही विकते. जोरात चाललंय म्हणे.

पुढची वर्षं बरी गेली. आता आम्हीही एलईडीच विकतो, फक्त चमकेचा वेळ कमी-जास्त करता येतो असाच.

विचारलं नाहीत तरी सांगतो. चित्र थांबलं म्हणजे वेग सापडला असं नाही. 1440 ची मोटर 720 वरही थांबलेली दिसते, 480 वरही. पुलीवर एकच खूण करा, दिवा खूप वरच्या आकड्यावर लावा आणि खाली उतरत या. एकाच्या दोन-तीन खुणा दिसल्या तर उतरत राहा. एकच खूण दाखवणारा सर्वांत वरचा आकडा खरा. तेवढं वर जाता येत नसेल तर लागोपाठचे दोन आकडे घ्या, गुणाकाराला फरकाने भागा: 720 गुणिले 480, भागिले 240. आणि थांबलेल्या दिसणाऱ्या यंत्रात हात घालू नका. आमच्याच फिटरच्या बोटावर व्रण आहे. फिट येणाऱ्या माणसाला तर ह्या दिव्यासमोर उभंच करू नका.

गिरणीच्या भंगाराचा लिलाव झाला तेव्हा तो टेबल फॅन मीच उचलला. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्यावर दाखवतो, मग मागच्या खोलीत चातीवर.